शिकण्याचा खर्च कोणी उचलायचा?

नांदगावातल्या मुलीने नाशिकच्या कंपनीत प्रशिक्षणाला जायचे ठरवले की घरात पहिली चर्चा होते ती राहण्याच्या सोयीची. कंपनी कसली, काम काय, शिकायला काय मिळणार, हे सगळे नंतर. सिडकोत कोणी नातेवाईक आहे का? कॉटचे भाडे किती? डबा केवढ्याला पडतो? संध्याकाळची गाडी चुकली तर काय? नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे चार श्रेयांक आले. आम्ही सगळे त्याला ओजेटी म्हणतो. त्याची आखणी करणाऱ्यांपुढे वरच्यापैकी एक तरी प्रश्न आला असेल, असे मला वाटत नाही. महाविद्यालयाच्या फाइलमध्ये कंपनीचे पत्र लागते, हजेरीपत्रक लागते, अहवाल आणि प्रमाणपत्र लागते. त्या दिवसांत विद्यार्थी काय खाणार आणि कुठे झोपणार, याचा रकाना कुठेच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या प्रशिक्षणाची सक्ती केली, त्याच्या विद्यावेतनाचीही सक्ती केली पाहिजे. तसे झाले नाही, तर हे प्रशिक्षण ज्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल तीच मुले त्याला मुकतात. ही केवळ दयेची मागणी आहे असे कोणी समजू नये. मी हे प्रशिक्षण घेतले आहे, त्यातून पुष्कळ शिकले आहे, आणि म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

आमच्या तालुक्यात काम नाही असे नाही. मनमाड जंक्शन आमच्याच तालुक्यात येते. तिथे रेल्वेच्या पुलांचे गर्डर तयार करणारा कारखाना आहे, अन्न महामंडळाची गोदामे आहेत. जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. कांदा-मक्याचा बाजार आहे, पतसंस्था आहेत, करसल्लागारांची कार्यालये आहेत. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जिला ‘कंपनी’ म्हणतात ती पाहायची असेल, तर नाशिकच्या अंबड-सातपूरची किंवा सिन्नरची औद्योगिक वसाहत गाठावी लागते, नाहीतर थेट पुणे. नांदगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे, त्यामुळे नाशिकरोडपर्यंत रेल्वेने जाता येते. पण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि स्टेशनवर उतरल्यावर औद्योगिक वसाहतीपर्यंत पुन्हा बस किंवा रिक्षा. सकाळी नऊला कार्ड पंच करायचे असेल, तर रोज जाऊन येऊन हे जमत नाही. राहावेच लागते. मुलगा असेल तर चार मित्रांच्या खोलीत गादी टाकून भागते. मुलगी असेल तर भरवशाचे वसतिगृह मिळेपर्यंत घरून होकार मिळत नाही, आणि तो मिळेपर्यंत कंपनीने दिलेली तारीख उलटून जाते.

मी अंबडमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात होते. कॉलेजात टॅली शिकले होते. तिथला सगळा कारभार सॅप या सॉफ्टवेअरवर. पहिले काही दिवस आजूबाजूचे लोक काय बोलतात तेच कळेना. ‘मिगो झालाय का?’ ‘झालाय, पण मिरो पेंडिंग आहे.’ हळूहळू उलगडा झाला. माल फाटकावर आला की गेट एन्ट्री होते. स्टोअर तो मोजून घेते, क्वालिटीवाले तपासतात, मग जीआरएन निघते, म्हणजे माल मिळाल्याची नोंद; हाच ‘मिगो’. पुरवठादाराचे बिल आले की ते आपल्या पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, आणि या जीआरएनशी जुळवून पाहायचे. तिन्ही कागद जुळले तर बिल पुढे जाते; तो ‘मिरो’. मागवले शंभर नग, बिलही शंभराचेच, पण स्टोअरने स्वीकारले अठ्ठ्याण्णव, तर उरलेल्या दोन नगांची डेबिट नोट काढायची, म्हणजे तेवढी रक्कम वजा करायची.

डेबिट नोटचा नमुना आमच्या पुस्तकात चौकट आखून छापलेला होता, आणि परीक्षेत मी तो बिनचूक लिहिलाही होता. पण ती नोट निघाल्यावर सातपूरच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याचा फोन येतो. त्याचा आवाज चढलेला असतो, ‘ते दोन नग तुमच्याच माणसाने पाडले’ असे त्याचे म्हणणे असते, आणि नेमके तेव्हा आपले सीनियर जागेवर नसतात. अशा वेळी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे मी तिथे शिकले. कोणता कागद आधी मागायचा, कोणाला फोन जोडून द्यायचा, कशाचे आश्वासन द्यायचे नाही, हे सगळे कोणीतरी करताना बघितल्याशिवाय येत नाही.

मार्चअखेर तोंडावर आली तेव्हा एक वेगळीच लगबग सुरू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तो पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिला. मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३ब कलमात भर घातली: ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होणार नाही. त्याबरोबर प्रत्येक पुरवठादाराचा उद्यम नोंदणी क्रमांक शोधणे, कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण नुसता व्यापारी हे वेगळे काढणे, कोणाचे किती दिवस भरले याची यादी करणे सुरू झाले. त्या यादीवर मी बसले होते, आणि त्या कामाचा अर्थ मला तिथल्या कित्येकांपेक्षा लवकर कळला. आमच्या घरी कांद्याच्या ट्रॉलीमागे हिशोबपट्टी येते. बाजार समितीत विकलेल्या मालाचे पैसे चोवीस तासांत मिळावेत असा नियम आहे. ते अडकतात तेव्हा घरात कोणती खरेदी थांबते, कोणाची फी लांबते, हे मी लहानपणापासून पाहत आले. त्यामुळे यादीतला ‘६२ दिवस’ हा आकडा मला नुसता आकडा दिसत नव्हता. तालुक्यातून येणारी मुले कंपनीकडून घेतातच, पण सोबत काही घेऊनही येतात. ते कोणी विचारत नाही म्हणून नोंदले जात नाही.

आणखी एक शिक्षण असते, त्याचा अहवालात उल्लेख नसतो. घरी अहिराणी मिसळलेली मराठी, कॉलेजात पुस्तकी मराठी, आणि कंपनीत एका वाक्यात हिंदी-इंग्रजी-मराठी तिन्ही. आम्हाला वरिष्ठ माणसाला ‘साहेब’ म्हणायची सवय. तिथे मोठ्या हुद्द्यावरच्या बाईंनाही सगळे नावाने हाक मारतात, आणि ते उद्धटपणाचे मानत नाहीत. मेल लिहिताना विषय काय टाकायचा, सीसीमध्ये कोणाला ठेवायचे, मीटिंगमध्ये कळले नाही तर तिथेच विचारायचे की नंतर, चूक झाली तर ती आधी कोणाला सांगायची. नाशिकमध्ये वाढलेल्या आणि वडील किंवा आई कंपनीत असलेल्या मुलांना यातले निम्मे जेवताना कानावर पडलेले असते. आमच्या घरात जेवताना पावसाच्या आणि बाजारभावाच्या गोष्टी होतात. म्हणून प्रशिक्षणाचा खरा लाभ नांदगाव, येवला, मालेगाव, सुरगाणा इथल्या मुलांना होऊ शकतो. पण नाशिकच्या मुलाला ते घरी राहून परवडते, कारण त्याला नुसते बसचे तिकीट काढायचे असते. आम्हाला महिन्याचा संसार मांडावा लागतो. घरचे पैसे खर्च करून जो जाऊ शकतो तोच जातो. बाकीचे ओळखीतल्या दुकानदाराचा शिक्का घेऊन फाइल पुरी करतात. अशा मुलांना मी दोष देत नाही. शिक्का देणाऱ्यालाही देत नाही.

आता कंपनीची बाजू. मालकमंडळी म्हणतात, ‘आम्हाला या मुलांचा उपयोग काय? शिकवायला आमचाच माणूस अडकतो, आणि जरा हात बसला की ती निघून जातात.’ ही तक्रार खरी आहे. चार श्रेयांक म्हणजे १२० तास, आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवसांचे काम. पंधरा दिवसांत कोणी कोणाला काय शिकवणार? पासवर्ड मिळायलाच चार दिवस जातात. त्यामुळे झेरॉक्स, स्कॅनिंग, जुन्या फाइलींना नंबर घालणे अशी कामे हाती येतात. शेवटी मूल्यमापनाच्या तक्त्यावर प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’ लिहून मिळते, आणि अहवालात कंपनीच्या संकेतस्थळावरची माहिती उतरवली जाते. माझा तक्ताही असाच भरला गेला. मी काय शिकले, हे ना कंपनीने विचारले ना विद्यापीठाने. पण यावरून मी मालकांच्या उलट निष्कर्ष काढते. मुदत तुटपुंजी आणि काम फुकट असल्यामुळेच कोणी गांभीर्याने घेत नाही. ज्याला दरमहा पैसे मोजावे लागतात, त्या माणसाला रिकामे बसवायला कोणताही मालक तयार होत नाही. विद्यावेतन दिले की शिकवण्याची गरज मालकालाच भासू लागते.

आपल्याकडे याचा कायदा नवा नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आज त्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. पण त्याच कायद्याने कारखान्यातील आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी त्याला लागू केल्या आहेत, अपघात झाला तर भरपाईही ठेवली आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये केले; पदवीधराला ९,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ सुचवली. म्हणजे त्याच टेबलावर, तीच बिले जुळवणाऱ्या दोन मुली शेजारी बसू शकतात. एक ‘अप्रेंटिस’ म्हणून नोंदली असेल तर तिला कायद्याने पैसे आणि संरक्षण. दुसरी ‘ओजेटी’ म्हणून आली असेल तर तिला प्रमाणपत्र. काम तेच, संगणक तोच, चूक झाली तर बोलणीही तीच. फरक फक्त कागदावरच्या नावाचा. चार्टर्ड अकाउंटंटच्या आर्टिकलशिपमध्येही विद्यावेतन बंधनकारक आहे. ते फार थोडे आहे आणि त्याबद्दल विद्यार्थी नेहमी कुरकुरतात. तरी शिकणाऱ्याला काही ना काही द्यावेच लागते, हे तत्त्व त्या व्यवसायाने मान्य केले आहे.

नाव बदलून स्वस्तात माणसे घेण्याचा प्रकार आपण आधी पाहिलेला आहे. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ योजना आणली. हेतू रोजगारक्षमता वाढवण्याचा होता. पण पुणे-नाशिकच्या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये ‘नीम ट्रेनी’ हे कंत्राटी कामगाराचे दुसरे नाव झाले, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. शेवटी परिषदेने ते नियम मागे घेतले. मुले लाइनवर उभी राहून उत्पादन काढत होती आणि रजिस्टरमध्ये प्रशिक्षण घेत होती. ओजेटीचे तसे होऊ नये असे वाटत असेल, तर पैशाचा आणि शिकवण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून लेखी हवा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये, मुदत सहा महिने, आणि पैसे राज्याच्या तिजोरीतून. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. अनेकांना ग्रामपंचायत, शाळा, तहसील अशा जागा मिळाल्या, आणि मुदत संपल्यावर ‘आता पुढे काय’ म्हणून ते रस्त्यावर उतरले. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. मोठ्या ५०० कंपन्या, वर्षभराची मुदत, महिना ५,००० रुपये, त्यातले ४,५०० केंद्राचे आणि ५०० कंपनीचे, शिवाय एकदाच ६,००० रुपये. पहिल्या फेरीत सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले गेले. स्वीकारले गेले २८ हजारांच्या आसपास. प्रत्यक्ष रुजू झालेले नऊ हजारांहून कमी. ठिकाण दूर आहे आणि मुदत लांब आहे, ही कारणे संसदेतच पुढे आली. मला या आकड्यांचे नवल वाटले नाही. पाच हजारांत नाशिकची कॉट आणि दोन वेळचा डबा कसाबसा भागेल. पुण्यात तेही नाही. मग मुलाने वर्षभर घरून पैसे मागवायचे, तेही कोणत्या नोकरीच्या हमीवर? आणि देशातल्या नामांकित कंपन्यांनी महिन्याला पाचशे रुपये द्यायचे, ही रक्कम ठरवणाऱ्यांना ती कागदावर लिहिताना संकोच वाटायला हवा होता.

महाराष्ट्राला या बाबतीत बाहेरून शिकवण घ्यायची गरज पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. तिथे ‘कमवा आणि शिका’ हा शिक्षणाचा कणा होता. मुलांनी शेतात राबायचे, बांधकामावर घाम गाळायचा, आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात शिकायचे, जेवायचे. श्रमाला किंमत आहे आणि ती विद्यार्थ्याच्या पदरात पडली पाहिजे, याबद्दल कर्मवीरांच्या मनात शंका नव्हती. ती योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आजही चालते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या किंवा बागेत पाणी घालणाऱ्या विद्यार्थ्याला तासावर पैसे मिळतात. त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी नफ्यात चालणाऱ्या कंपनीत १२० तास बिले जुळवते तेव्हा तिला एक रुपयाही मिळण्याची हमी नसते. झाडांना पाणी घालणे हे श्रम, आणि कंपनीचे खाते सांभाळणे हे श्रम नाही, हे कोणत्या तर्काने?

जर्मनीचे उदाहरण द्यायचे तर एवढ्याचसाठी, की फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आपली मुले जर्मन भाषेच्या वर्गांना बसू लागली. तिथला शिकाऊ विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत असतो. त्याला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो, आणि २०२० पासून त्याची किमान रक्कम कायद्याने ठरली आहे. परीक्षा मालक घेत नाही. उद्योग-व्यापार मंडळ घेते. म्हणून ‘उत्तम, उत्तम, उत्तम’ असा तक्ता तिथे चालत नाही. आपल्या मुलांनी ती भाषा शिकावी, जरूर शिकावी. पण ती पद्धत इथे आणायला कोणती अडचण आहे?

कोणी म्हणेल, मग नांदगावातच करा की प्रशिक्षण. करता येते, आणि ते कमी प्रतीचे समजू नये. एखाद्या पतसंस्थेत थकीत कर्जांची यादी करणे, बाजार समितीत आवक-जावकीचे हिशेब पाहणे, करसल्लागाराकडे जीएसटीची विवरणपत्रे भरणे, यातून पक्के शिक्षण मिळते. विद्यापीठाने अशा जागांची यादी करून त्यांना मोकळेपणाने मान्यता द्यावी. मात्र ‘तुमच्यासाठी गावातले बरे’ असा सल्ला मला मान्य नाही. आमच्या मुलींनी कंपनीचे फाटक ओलांडावे, सॅप शिकावे, हैदराबाद-बंगळूरच्या माणसांशी फोनवर बोलावे, ही आमची इच्छा आहे आणि हक्कही. पैसे नाहीत म्हणून इच्छा आवरती घ्या, असे सांगणारे शिक्षण आम्हाला नको.

मार्गही उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिकाऊ प्रशिक्षण अंतर्भूत पदवीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक किंवा अधिक पूर्ण सत्रे आस्थापनेत घालवता येतात, करार शिकाऊ कायद्याखाली होतो आणि विद्यावेतन मिळते. केंद्राच्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. पंधरा दिवसांचा उपचार सोडून विद्यापीठाने एक अख्खे सत्र याच मार्गाने द्यावे. कंपनीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी त्यात विद्यावेतनाची रक्कम, शिकवणाऱ्या माणसाचे नाव आणि शिकवायच्या कामांची यादी आहे का, हे महाविद्यालयाने पाहावे. नसेल तर पत्र परत पाठवावे. मूल्यमापनाला कंपनीबाहेरचा परीक्षक असावा. आणि नाशिकच्या औद्योगिक वसाहतींच्या जवळ तालुक्यांतून येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह हवे. त्यासाठी लागणारा पैसा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून सहज उभा राहू शकतो.

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या उद्योजकांना माझी विनंती आहे. कायदा होईल तेव्हा होईल. पुढच्या सत्रात नांदगावची, येवल्याची, सुरगाण्याची मुलगी पत्र घेऊन तुमच्या एचआरकडे येईल, तेव्हा तिला पदवीधर शिकाऊ उमेदवाराइतके विद्यावेतन द्या, एका अनुभवी माणसाच्या शेजारी बसवा, आणि जाताना तिला विचारा की ती काय शिकली.